तळेगावपर्यंतची सीट

"उठा हो आता. किती झोपाल?"

मी असं म्हटलं, आणि पलीकडच्या कबरीमागून एक माणूस खरोखरच उठला.

केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत पांढराफटक. भुवया पांढऱ्या, सदरा पांढरा. माझ्या हातातला कुंचा खाली पडला. जन्मभर ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला ती अशी भर दुपारी, चष्मा पुसायलाही वेळ न देता घडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि खरं सांगू? मनात पहिला विचार आला तो हा, की हे तर आमचे नाहीत! आमचे उंच होते.

तोही डोळे फाडून माझ्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्यासमोरचा दगड वाचला, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही... सलोमी शांतवन गवारे?"

"हो," मी कशीबशी म्हणाले.

"मंग बाहेर कशा आल्या?"

त्यात त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. दगडावर दोन नावं होती. माझे यजमान शांतवन आदल्या पावसाळ्यात निजले, तेव्हा आमच्या लेकीनं, दिपालीनं, त्यांच्या नावाखाली माझंही नाव कोरून घेतलं होतं. बाजूची जागा माझीच म्हणून. माझं जन्मसाल होतं, त्यापुढची जागा कोरी. आणि मीही तेव्हा चुन्यानं माखलेली, अंगावर पांढरी साडी...

"मी जिवंत आहे," मी म्हणाले.

"मी बी," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या भुवयांवरून चुना गळाला. "रूपराव थूल. आर्वी डेपोत डायवर व्हतो. चुना मारता मारता डोळा लागला, बाई. तुम्ही एवढ्या जोरात उठवलं, मले वाटलं गाडीचा टाइम झाला."

ती ईस्टरच्या आदल्या दिवसाची दुपार होती. आर्वीबाहेर, रोहण्याच्या रस्त्याला आमचं ख्रिस्ती कबरस्तान आहे. कंबरेएवढी भिंत, एक जुना कडुनिंब आणि त्याच्याखाली सिमेंटचं बाकडं. त्या दिवशी घरोघरची माणसं बादली-कुंचा घेऊन येतात आणि आपापल्या कबरींना चुना लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी मंडळी तिथंच उपासनेला उभी राहते. बाकीचे सकाळीच उरकून गेले होते. माझी नागपूरची गाडी रखडली, म्हणून मी उन्हात एकटी. निदान मला तसं वाटलं होतं.

"तुम्ही आमच्या मंडळीतले?" मी विचारलं.

"नाई. मी बुद्धविहारात जाणारा माणूस. ही माझी घरवाली तुमच्यातली." त्यांनी शेजारच्या ताज्या चुन्याच्या कबरीवर हात ठेवला. "आनंदाबाई. नर्स व्हती. मले सुई टोचली अन् मी चक्कर येऊन तिच्याच अंगावर पडलो. मंग सोडलंच नाई."

"आणि तुमच्यात... निजलेलं माणूस उठतं असं मानतात?"

"छ्या! गेला तं गेला. पण तिनं सांगून ठेवलं व्हतं, 'मी उठीन तवा पह्यले तुम्ही दिसले पाह्यजेत.' म्हून दरसाल ईस्टरले अंधार असतानीच येऊन उभा राह्यतो. नाई उठली तं नाई उठली. पण समजा उठली, अन् मीच नसलो तं?"

कडुनिंबाचा मोहर आमच्या दोघांच्या मधे बारीक बारीक गळत होता. त्यांनी माझा पडलेला कुंचा उचलला, बादलीत बुडवला, आणि न विचारता शांतवनच्या कबरीची उरलेली बाजू रंगवायला घेतली.

मी ईस्टर करून नागपूरला लेकीकडे परतणार होते. परतले नाही. शांतवनच्या दोन खोल्या होत्या चर्चजवळ, त्या झाडल्या आणि राहिले. "का गं आई?" दिपालीनं फोनवर विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. "इथे हवा बरी आहे," म्हणाले. विदर्भातला एप्रिल होता!

---

आमच्याकडे कबर खणताना पाय पूर्वेला ठेवतात. शेवटच्या दिवशी पुनरुत्थानाचा कर्णा वाजला आणि माणूस उठून बसला, की समोर थेट सूर्य यावा, म्हणून. लहानपणी आई आमची अंथरुणंही तशीच घालायची. मी अजून पाय पूर्वेला करूनच झोपते. दाराशी एक चपलांचा जोड नेहमी पुसून ठेवते, अनवाणी जायला नको म्हणून. आम्ही माणूस 'गेला' म्हणत नाही, 'निजला' म्हणतो. शांतवनचा हात सोडताना मी रडले, पण 'येते' म्हणाले नाही. 'भेटू' म्हणाले. बाहेरगावी जाणाऱ्याला म्हणावं तसं.

शांतवन कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. मला बघायला आले होते तेव्हा सगळ्यांचा डोळा चुकवून त्यांनी माझ्या पदराचा सुटलेला धागा चिमटीत धरला, ओढला, आणि हळूच म्हणाले, "लांब धाग्याचा माल आहे." मी आत पळाले होते. अजूनही पदराचा धागा सुटला की मी तो तोडत नाही.

तर असा माणूस परत येणार आहे. म्हणून मी त्यांना सगळं सांगायची. दर रविवारी उपासनेनंतर बाकड्यावर बसायचं, शेजारी पिशवी ठेवायची, आणि आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. सोयाबीनचा भाव काय, दिपालीचा गुडघा कसा आहे, चर्चच्या पाळकांचा आवाज कसा फाटतो.

आता रविवारी रूपरावजीही येऊ लागले. हातात पाण्याचा डबा. आनंदाबाईंच्या उशाशी त्यांनी मोगरा लावला होता, आणि एक फांदी आणून शांतवनच्या उशाशीही खोचली. बाकड्यावर मात्र कधी बसायचे नाहीत. समोर भिंतीला टेकून उभे राहायचे.

"बसा की," मी एकदा म्हटलं.

"कसा बसू? जागा धरलेली हाय." त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "तीस-पस्तीस साल एस्टीत काढले बाई. खिडकीतून रुमाल टाकला का सीट त्या माणसाची. आपण नाई बसत."

मी पिशवी उचलली नाही. का नाही उचलली, तेही कळलं नाही. पण त्या रात्री... जाऊ दे.

सुरुवातीला मी त्यांना 'रूपरावभाऊ' म्हणायची. श्रावणातल्या झडीत शांतवनच्या कबरीची एक कड खचली. पावसात छत्री धरून मी हळहळत उभी होते, आणि ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचून मुरूम ठोकत होते. मी म्हणाले, "रूपरावभाऊ, भिजाल हो."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. "एक सांगू का? सारं म्हणा. थूल म्हणा, डायवर म्हणा. भाऊ तेवढं नोका म्हणू."

"का बरं?"

"राखी बांधाले आल्या तं मले पळा लागंन."

मी छत्री जरा पुढे केली. त्यांच्यावर धरली की माझा चेहरा झाकला, आता आठवत नाही.

त्या रविवारी मी शांतवनना सगळ्या बातम्या सांगितल्या. कड खचली आणि दुरुस्त झाली, एवढंच म्हणाले. कोणी केली ते सांगायचं राहिलं. राहिलं नाही... मी ठेवलं.

ज्यांचं माणूस परत येणार नसतं त्यांचं सोपं असतं. माझं माणूस परत येणार होतं. पूर्वेला तोंड करून उठून बसणार होतं आणि विचारणार होतं, "हं, सलोमी, काय काय झालं मधे?"

---

दिवाळीनंतर रूपरावजींनी संत्री आणली. भिंतीला टेकून ते एकेक सोलायचे आणि फोडी माझ्या हातावर ठेवायचे. संत्र्याच्या सालीचा वास साऱ्या कबरस्तानात पसरला होता. बोटं लागायची, सुटायची.

"तुमची नागपूर गाडी ठाऊक हाय ना? आर्वीहून निघते," ते फोडीवरचे धागे काढता काढता म्हणाले. "त्याच्यात कधी कधी असं होते, का सीट रिझर्व्ह असते, पण तळेगावपासून. मानूस तळेगावले चढनार असते. तं आर्वीहून तळेगावपर्यंत त्या सीटवर दुसरं कोणी बसलं तं चालते. कंडक्टर काई म्हनत नाई."

"मग?"

"तुमची जागा शांतवनभाऊच्या बाजूले हाय. दगडावर नाव हाय. त्याच्यात मी बोट घालत नाई. माझ्यावाली आनंदा बी तिकडं वाट पाहून राह्यली असंन तं असंन." ते थांबले. फोड हातातच राहिली. "मी तळेगावपर्यंतचं इचारून राह्यलो, सलोमीबाई."

पहिल्यांदाच त्यांनी नाव घेतलं होतं.

"आणि तळेगाव आलं की?"

"उठून उभा राह्यतो. राजीखुशीनं."

"तुमच्यात तर उठणं नसतं," मी म्हणाले. मला हसायचं होतं. पण आवाज निराळाच निघाला. मी पिशवी छातीशी धरली आणि घरी निघाले. फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं, की संत्र्याची साल माझ्या मुठीत तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पाळक विवेककडे गेले. नातवाच्या वयाचा मुलगा, मला काकू म्हणतो.

"विवेक, बाईनं दुसरं लग्न केलं, तर पुनरुत्थानाच्या दिवशी ती कोणाची?"

तो सावरून बसला. "काकू, तिथे लग्न वगैरे नसतंच. सगळे देवदूतांसारखे असतात."

"म्हणजे मी शांतवनचीपण नाही?"

"म्हणजे... तसं नाही..."

"मग कसं?"

त्यानं डोकं खाजवलं. "काकू, चहा घेता का?"

मी आणखीच गोंधळून घरी आले. दुसऱ्याची होऊ की नको, हे विचारायला गेले होते, तर जी होते तीही राहते की नाही याचीच शंका घेऊन परतले! शांतवनना देवदूत म्हणून डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मिशा आड आल्या.

मग मी कबरस्तानात जाणंच बंद केलं. रविवारी डोकं दुखायचं, कधी पाय. एकदा रूपरावजींची मुलगी मयुरी ऑफिसला जाता जाता दारात स्कूटी थांबवून म्हणाली, "काकू, बाबा विचारून राह्यले, शांतवनकाकांच्या मोगऱ्याले पाणी घालू का?"

"घाला म्हणावं."

"अन् मी विचारून राह्यली," ती हेल्मेट काढत म्हणाली, "का बाबा आजकाल जेवताना दोन पाट काऊन मांडते?"



---

जानेवारीतली सकाळ होती. नाल्यापलीकडून धूर वर जात होता, सरळ, वारा नव्हता म्हणून. कोणाची तरी चिता असावी. मी पाणी भरत उभी होते आणि एकाएकी मला रूपरावजींचं एक जुनं बोलणं आठवलं. उन्हाळ्यात कधीतरी ते सहज म्हणाले होते, "मले तं जाळतीन, बाई. आपली राख नदीत. झंझट नाई."

मी कळशी खाली ठेवली.

पुनरुत्थानाची ती पहाट मला लहानपणापासून पाठ आहे. कर्णा वाजतो. माती बाजूला होते. शांतवन उठून बसतात, चष्मा शोधतात. पलीकडे आनंदाबाई उठतात, त्यांनाही मी ओळखते आता. मी उठते. कोवळं ऊन, सगळे एकमेकांना बिलगतात. आणि मग मी इकडे बघते, तिकडे बघते... भिंतीला टेकून कोणी उभं नाही. आनंदाबाई विचारतात, "आमचे कुठे दिसत नाहीत?"

मी तिथंच नळापाशी बसून रडले. त्या पहाटे दोन माणसं माझ्यासमोर उभी असतील म्हणून मी घाबरले होते ना? मग तिथे एकजण नसेल, म्हणून जीव का कासावीस व्हावा? इतके महिने मी चुकीचाच प्रश्न धरून बसले होते.

तशीच ओल्या पदरानं पाळकाकडे गेले.

"विवेक, राखेतून उठवता येतं का देवाला?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "काकू, मागच्या वेळी तुमचा प्रश्न दुसरा होता."

"तो राहू दे. याचं सांग."

"ज्यानं मातीतून माणूस केला, त्याला राखेचं काय अवघड?" तो म्हणाला.

"आणि ज्याचा विश्वासच नाही तो माणूस?"

या वेळी त्यानं चहाचं विचारलं नाही. "ते मला ठाऊक नाही, काकू. पण कबरीवर दरसाल सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहणारा माणूस मी आपल्या मंडळीत अजून पाहिला नाही."

---

यंदाच्या ईस्टरला मी अंधारातच निघाले. चपला पुसलेल्याच होत्या. कबरस्तानात मोगऱ्याचा वास भरून राहिला होता, दोन्ही उशांचा, कोणता कुठला कळू नये असा. रूपरावजी आनंदाबाईंच्या पायाशी उभे होते, टोपी हातात, आनंदाबाई उठल्या तर पहिली नजर पडेल नेमके तिथे.

मी बाकड्यावर बसले. पिशवी शेजारी.

"अहो," मी शांतवनना म्हणाले, मोठ्यानं, पलीकडे ऐकू जाईल एवढ्या. "तुम्ही उठाल तेव्हा सांगेन म्हटलं होतं. पण तेव्हा गर्दी असेल, कर्णे वाजत असतील, नीट बोलता येणार नाही. म्हणून आत्ताच ऐका. तुमची कड खचली होती ती यांनी भरली. तुमच्या उशाशी मोगरा यांचा आहे. मला... मला यांच्याशी बोलल्याशिवाय रविवार झाल्यासारखा वाटत नाही. तुम्ही आधी रागवाल. मग मिशीवरून हात फिरवाल. माझा धागा तुम्ही ओढून पाहिला आहे, तो तुटायचा नाही. एवढंच. भेटू."

पलीकडे रूपरावजींनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

मग माणसं आली. मेणबत्त्या आल्या. गाणी झाली. विवेकचा आवाज फाटला. सोयाबीनच्या शेतांपलीकडे, आता ती सगळी मोकळी पडलेली, सूर्याची कड दिसली आणि विवेक ओरडला, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" आम्ही सगळे म्हणालो. पोरं, म्हाताऱ्या, सगळे. एकेकाचा हात हातात घेत विवेक रूपरावजींपर्यंत पोचला. "प्रभू उठला आहे, काका."

"तुम्ही म्हनता तं उठला असंन, पाळकसाहेब," ते त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले. "तुमचा आनंद पाहून मले बरं वाटते."

मंडळी फाटकाकडे वळली. तिकडे चहा आणि कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी होती. रूपरावजी मात्र भिंतीवरचा थर्मास घेऊन बाकड्याशी आले आणि उभे राहिले. त्यांच्या दुसऱ्या हातात स्टीलचे कप होते, एकात एक घातलेले. चार.

"चार काऊन?" मी विचारलं. त्यांचा शब्द माझ्या तोंडात कधी आला कोण जाणे.

"माझा भरोसा नाई. तुमचा हाय ना. पाहुने आले अन् कप कमी पडले तं?"

माझ्या गोंधळाचं काय झालं म्हणाल, तर तो अजून तसाच आहे. त्या पहाटे कोण कोणाकडे आधी बघेल, कोण कोणाच्या शेजारी बसेल, देवदूतांना मिशा असतील की नाही, मला काही कळलेलं नाही. कर्णा वाजल्यावरच कळेल. आणि शांतवन फार समजूतदार आहेत, हे मात्र मला ठाऊक आहे.

मी पिशवी उचलली. मांडीवर घेतली.

रूपरावजी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"बसा," मी म्हणाले. "तळेगावपर्यंत."

ते बसले. सांभाळून, अर्धेच, पहिल्यांदा गाडीत बसणाऱ्या माणसासारखे. सूर्य समोरून थेट आमच्या डोळ्यांत आला होता.

"तळेगाव तसं जवळच आहे हो," मी हळूच म्हणाले.

"जवळ तं हाय," त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "पन गाडी कोनाच्या हाती हाय?"

आणि ते चहा ओतू लागले... सावकाश, इतका सावकाश, की पहिला कप भरेपर्यंत ऊन शांतवनच्या उशाशी पोचलं.